शेवटचं कोण?

वालेन्सिया हे स्पेनमधलं सर्वांत मोठं कंटेनर बंदर. बॅलार्ड इस्टेटमध्ये शिपिंगच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशनचं काम करणाऱ्याला हे नाव बिल ऑफ लेडिंगवर टाइप करून करून पाठ झालेलं असतं. तिथे माणसं राहतात, भाजी आणतात, कपडे वाळत घालतात, हे मात्र कधी डोक्यात येत नाही. माल पोचला, डिलिव्हरी ऑर्डर सुटली, फाइल बंद. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या शाखेला मुंबईची कागदपत्रं आणि मुंबईचे ग्राहक, दोन्ही समजणारं माणूस हवं होतं म्हणून कंपनीने मला पाठवलं, आणि मी त्या बंद फायलींच्या गावात राहायला गेले. नवरा बेस्टमध्ये, मुलगी बारावीला, सासूबाई लालबागच्या खोलीत. त्यामुळे गेले ती एकटीच. वय पंचेचाळिशीच्या पुढे. या वयात नवी भाषा जिभेवर बसत नाही, असं सगळे सांगत होते. बसते. फक्त बाजारातली आधी बसते आणि ऑफिसातली बरीच नंतर.

लालबागमध्ये माणूस तोंड उघडायच्या आत त्याची माहिती पुढे गेलेली असते. अमक्या मजल्यावरची, तमक्या मिलमध्ये होते त्यांची सून, मुलगी हुशार आहे, नवऱ्याची ड्युटी सध्या रात्रीची. त्यामुळे स्वतःची ओळख करून द्यायची वेळच येत नाही, आणि अनोळखी माणसाशी कसं वागावं हे शिकायचीही नाही. अनोळखी कुणी जिन्यात दिसला की गॅलरीतून एकच प्रश्न येतो, "कोण पाहिजे?" तो भांडणाचा नसतो आणि स्वागताचाही नसतो. या एका प्रश्नावर माझा अर्धा जन्म निभावला होता.

वालेन्सियात तो विचारायची सोय नव्हती, कारण तिथे अनोळखी मीच होते.

काबान्याल हा त्या शहराचा जुना कोळीवाडा. रंगीत फरशांनी मढवलेली बैठी घरं, समुद्र दोन गल्ल्या पलीकडे आणि मधोमध मंडई. पहिल्याच शनिवारी मासळी आणायला गेले. मासेवालीपुढे रांग म्हणून काही नव्हती. बायका इकडेतिकडे उभ्या, दोघी गप्पा मारतायत, एकजण पलीकडच्या दुकानात टोमॅटो बघतेय. लालबागच्या मंडईच्या हिशोबाने ही म्हणजे पुढे व्हायची संधी. मी पिशवी सावरतेय तेवढ्यात मागून एक म्हातारी आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "शेवटचं कोण?" टोमॅटो बघणाऱ्या बाईने लांबूनच हात वर केला. म्हातारी निवांत जाऊन खोक्यावर टेकली. तिचा नंबर लागला होता.

ही रांग जमिनीवर नसते, बोलण्यात असते. आपल्या पुढच्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवायचा, आणि आपल्यानंतर कुणी येऊन विचारलं की हात वर करायचा. मग खुशाल फिरून या. बेकरीत तेच, दवाखान्यात तेच. दुसऱ्या खेपेला मीच विचारलं, उच्चार बहुधा भयानक होता, पण एका आजोबांनी हात वर केला. पाचेक मिनिटांनी एक तरुण बाई आली, तिने विचारलं, आणि हात मी वर केला. त्या शहरात मला मिळालेलं पहिलं पद 'शेवटची' हे होतं, आणि खोटं कशाला सांगू, ते मिळाल्याचा आनंद झाला होता.

मासेवालीकडे घासाघीस नाही. पाटीवर लिहिलेला भाव, तोच. पहिले काही आठवडे बाजार करून आल्यासारखंच वाटेना. आपल्या बांगड्याच्या नात्यातला एक मासा मिळायचा, तिसऱ्यांसारखी बारीक शिंपली मिळायची. पण कोळणीशी दोन शब्द वाजल्याशिवाय घेतलेल्या मासळीला चव कशी यायची? मग एक दिवस तिने साफ केलेले मासे कागदात गुंडाळताना वर पार्सलीची काडी ठेवली, फुकट. दादरची भाजीवाली कढीपत्ता टाकते तशी. इतर गिऱ्हाइकांनाही देते का, ते बघायला मी मुद्दाम तिथेच रेंगाळले. सगळ्यांनाच देत होती. जरा वाईट वाटलं.

मी राहायचे ती इमारत जुनी, पाच मजली, लिफ्ट तिघांची. आत शिरणारा 'बुएनोस दियास' म्हणायचा, बाहेर पडणारा 'आस्ता लुएगो'. दोन मजल्यांचा प्रवास असला तरी. डॉक्टरच्या बाहेर आठजण बाकावर बसलेले असले तर नववा आत येताना सगळ्यांना मिळून एक नमस्कार घालतो आणि आठही जण काहीतरी पुटपुटतात. खानावळीत परक्या टेबलाशेजारून जाणारा 'सावकाश होऊ द्या' अशा अर्थाचं बोलून जातो. सुरुवातीला मला हे ढोंग वाटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना मी एकदा विचारलं, चौथ्या मजल्यावर राहतात त्यांचं नाव काय हो? त्यांना माहीत नव्हतं. रोज सकाळी एकमेकांना शुभेच्छा देत होते दोघे, आणि नाव माहीत नाही! आमच्याकडे नाव, आडनाव, पगार आणि पित्ताचा त्रास, सगळं माहीत असतं. 'सुप्रभात' तेवढं कुणी कुणाला म्हणत नाही.

इमारतीच्या पोटात एक चौक होता. सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्यात उघडायच्या आणि खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. चिमटे खाली पडायचे, कधी कपडाही. माझा कुर्ता पहिल्या मजल्यावर पडला तो दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून, घडी करून माझ्या दाराच्या मुठीला लटकत होता. दार मात्र कुणी वाजवलं नव्हतं. ते काम पहिल्या मजल्यावरच्या आजींचं. पुढे मी बेसनाचे लाडू त्यांच्या मुठीला लटकवले, त्यांनी हिवाळ्यात संत्री लटकवली. आमचं बोलणं नंतर झालं. व्यवहार आधी मुठीवरूनच चालला होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एका हिवाळ्यात मी तापाने अंथरुणाला खिळून होते आणि एकानेही दार वाजवलं नाही. लालबागला असते तर एकीचा काढा, दुसरीची पेज, तिसरीचा केईएममधला भाचा, असा रतीब लागला असता. तिथे मी लिफ्टमध्ये दिसले नाही, याची नोंद कुणी घेतली नसावी. घेतली असली तरी दार वाजवणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. पण रात्री साडेअकराला घरी येताना गॅलरीतल्या एकाही खुर्चीने घड्याळाकडे पाहिलं नाही, हे सुखही मी तिथेच भोगलं. चाळीत वाढलेल्या बायकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

ऑफिस बंदराच्या रस्त्यावर होतं. सकाळी साडेदहाच्या सुमारास सगळं ऑफिस खालच्या बारमध्ये. त्यांचा हा मधल्या वेळचा नाश्ता म्हणजे आपलं जेवणच: आधी शेंगदाणे आणि ऑलिव्ह, मग हातभर पाव आणि त्यात भरलेलं काहीबाही, शेवटी रम पेटवून केलेली कॉफी. एवढं झाल्यावर ही माणसं परत जाऊन कस्टम्सचे कागद बिनचूक भरतात, हे मला अखेरपर्यंत कोडं राहिलं. टेबलावर फाइलचा विषय काढायचा नाही, हा नियम. दुपारच्या जेवणाला गुरुवारी पाएया. वालेन्सियाची खरी पाएया म्हणजे कोंबडी, ससा आणि शेंगांचा भात. मासळीची ती निराळी. आणि माझा नेमका गुरुवार.

बारमालक म्हणाला, "ससा नको? मग कोळंबी घालून करतो." म्हटलं, नाही. "बटाट्याचं ऑम्लेट?" तेही नाही. "पण काल तर तुम्ही मासे खाल्ले!" काल बुधवार होता. माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये मी स्वामी, उपवास, सासूबाई, सगळं मांडून पाहिलं. तो टॉवेल खांद्यावर टाकून ऐकत होता. मग म्हणाला, "माझी आजी ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी मटण खायची नाही." झालं. विषय संपला. पुढच्या गुरुवारपासून माझ्यासाठी तव्यावर भाजलेले आर्टिचोक, तेल-मीठ लावून, वेगळे निघायला लागले. नवीन पोऱ्या कामाला लागला की मालक त्याला बजावायचा, ही गुरुवारवाली. लालबागमध्ये मी अमक्याची सून होते. तिथे मला वारावरून ओळखू लागले, आणि ती ओळख मी स्वतः कमावलेली होती.

कामाबद्दल थोडं. २०२३ च्या डिसेंबरपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली. न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर दहा-पंधरा दिवस उशिरा, कधी त्याहूनही. दोन्हीकडचे फोन माझ्याकडे. मस्जिद बंदरहून फोन यायचा तो थेट "मॅडम, माल कुठाय?" असाच. स्पॅनिश व्यापारी आधी विचारायचा, कशा आहात, मुलीची परीक्षा झाली का, तिकडे पाऊस आहे का, आणि मग त्याच सुरात, "तर माझा माल कुठे आहे?" राग दोघांचाही सारखाच, नुकसानही सारखंच. पण दुसऱ्याच्या चौकशीत अर्धं मिनिट जायचं आणि तेवढ्यात मी जहाजाची जागा स्क्रीनवर काढून ठेवलेली असायची. ज्याला मी ढोंग म्हणत होते त्याचा हा उपयोग मला कामाने दाखवला. दोन अनोळखी माणसांमध्ये काही बिघडणार असेल तर त्याआधी दोघांनाही श्वास घ्यायला जागा मिळते.

फायास या वालेन्सियाच्या उत्सवाबद्दल लिहिलं नाही तर लालबागमध्ये तोंड दाखवायची सोय राहणार नाही. गल्लोगल्लीची मंडळं, शहरात साडेतीनशेच्या वर. वर्षभर वर्गणी, लॉटरीची तिकिटं खपवणं, रुसवेफुगवे. कारागीर वर्षभर खपून इमारतीएवढे देखावे करतात, पुढाऱ्यांची यथेच्छ टर उडवलेली असते. १५ मार्चला ते चौकाचौकांत उभे राहतात आणि १९ मार्चच्या रात्री, सुतारांच्या संत जोसेफच्या दिवशी, जाळून टाकतात. सगळे. बंबवाले शेजारच्या इमारतींवर पाणी मारत उभे असतात.

करोनामुळे २०२० चा उत्सव रद्द झाला. त्याच वर्षी लालबागचा राजा बसला नव्हता; मंडळाने रक्तदान आणि प्लाझ्मादान केलं होतं. २०२१ चे फायास मार्चऐवजी १ ते ५ सप्टेंबरला झाले आणि गणेश चतुर्थी होती १० सप्टेंबरला. म्हणजे मी नुकती पोचलेली, तोंडावर मास्क, समोर आगीचे लोळ. आणि पाचच दिवसांनी मोबाइलवर सरकारी नियमाप्रमाणे चार फुटांच्या बाप्पाचं दर्शन. आमच्या गल्लीच्या मंडळाचे खजिनदार हातात डबा घेऊन उभे होते. मी नाणी टाकली आणि सवयीने पावती मागितली. ते थबकले. कुठल्या तुम्ही? मग आमच्या गणपतीची उंची किती, खर्च कोण करतं, शेवटी काय करता, अशी चौकशी.

"समुद्रात बुडवता? एवढं केलेलं?"

"तुम्ही जाळता की!"

दोघांनाही दुसऱ्याचं ऐकून खरोखर धक्का बसला होता. आपल्याकडे पीओपीवरून कोर्टकचेरी, त्यांच्याकडे थर्माकोलच्या काळ्या धुरावरून तक्रारी. तोही विषय निघालाच. त्यांनी सांगितलं की दरवर्षी लोकांच्या मतांवर एक पुतळा आगीतून वाचवतात. ही प्रथा १९३४ ची. पहिला वाचला तो विसेन्त बेनेदितो या कारागिराचा, आजी आणि नातीचा. अजून संग्रहालयात आहे. मी म्हटलं, लालबागच्या राजाचं मंडळही १९३४ चंच. एवढ्या पुण्याईवर मला मंडळाच्या खोलीत खुर्ची मिळाली.

त्या खोलीत आल्यावर एक गाठ सुटली. लिफ्टमध्ये ज्यांना एकमेकांची नावं माहीत नव्हती, त्याच जातीची माणसं इथे एकमेकांच्या सासूसकट सगळं जाणत होती. कुणाच्या मुलाचं मोडलं, कुणाला डॉक्टरने मीठ बंद केलंय, कुणी गेल्या वर्षीचे पैसे दिले नाहीत. त्यांच्याकडेही चाळ आहे. फक्त ती जिन्यात नाही, मंडळात आहे. जिन्यात आणि लिफ्टमध्ये रीत पाळायची, खोलीत पंचाईत करायची, अशी त्यांनी वाटणी करून टाकली आहे. मला ती शहाणपणाची वाटते.

२९ ऑक्टोबर २०२४ ची संध्याकाळ. वालेन्सिया शहरात आमच्याकडे वारा होता, पाऊस असा नव्हताच. आठ वाजून अकरा मिनिटांनी सगळ्यांचे मोबाइल एकदम कर्कश वाजले: घराबाहेर पडू नका. तोवर दक्षिणेकडच्या पैपोर्ता, कातारोखा, बेनेतूसेर या उपनगरांत पाणी शिरून गेलेलं होतं. वालेन्सिया प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. शहर वाचलं ते १९५७ च्या पुरामुळे. त्यानंतर तूरिया नदीच वळवून शहराबाहेर नेली होती आणि जुन्या पात्रात बाग केली होती. मला २६ जुलै २००५ आठवला. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. त्या दुपारी बॅलार्ड इस्टेटमध्ये आम्ही 'लोकल का बंद आहेत' म्हणून वैतागत बसलो होतो आणि कुर्ल्यात बसचे टप दिसत होते.

दोन दिवसांनी झाडू, फावडी, पाण्याचे कॅन घेऊन हजारो लोक नव्या पात्रावरचा पूल चालत ओलांडून पलीकडे जात होते. मीही गेले. ऑफिसातल्या एकीच्या आईवडिलांचं घर तळमजल्यावर, चिखल गुडघ्याच्या वर. शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली, केसांपर्यंत चिखल, हातात भिजलेली गादी. आम्हाला बघून म्हणाली, "बुएनोस दियास." आम्हीही म्हटलं. मग तिने गादीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मी कोण, कुठली, हे तिने विचारलं नाही. दिवसभर तिथे असंच चाललं होतं. आधी नमस्कार, मग बादली. तिथल्या सरकारवर लोक किती चिडले होते, हे जगाने पाहिलं. एकमेकांशी बोलण्यात तो राग मला तरी दिसला नाही.

मी २०२५ मध्ये परत आले. आमची चाळ पुनर्विकासाला गेलेली, त्यामुळे सध्या आम्ही परळच्या एका टॉवरमध्ये भाड्याने राहतो. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांतून पाचशे चौरस फुटांत. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरचेही त्याच वाटेने जाणार. आनंदाची गोष्ट आहे. ज्यांनी सामाईक संडासापुढे बादली घेऊन नंबर लावलेला नाही, त्यांनी चाळ गेली म्हणून हळहळू नये. पण गॅलरी गेली, आणि गॅलरीबरोबर 'कोण पाहिजे?' हा प्रश्नही गेला. तो आता खाली सुरक्षारक्षक विचारतो, तोही मोबाइलच्या अ‍ॅपवरून. लिफ्टमध्ये आम्ही सहाजण मजल्याच्या आकड्याकडे बघत उभे असतो. यातले निम्मे लालबाग-परळचेच, कुणाच्या ना कुणाच्या चाळीतले. ओळख निघायला दोन वाक्यं पुरतील, पण पहिलं वाक्य बोलायचं कुणी? चाळीत त्याची गरजच नव्हती, म्हणून ते आम्हाला कुणी शिकवलं नाही.

मी 'नमस्कार' म्हणायला लागले. पहिल्या दिवशी एका गृहस्थांना वाटलं, मी निवडणुकीला उभी आहे. आता आठव्या मजल्यावरची पोरगी उत्तर देते, तिचे वडील मान हलवतात. एकदोघे अजून मोबाइलमध्येच आहेत.

ज्यांना नव्या घराची चावी मिळाली आहे किंवा मिळायची आहे, त्यांना एवढंच सांगणं: सोसायटीच्या पहिल्या मीटिंगमध्ये पार्किंगवर भांडायला बसाल, त्याआधी लिफ्टमध्ये बोलायचं सुरू करा. पहिल्या महिन्यातच करा. सहा महिने गप्प उभं राहिल्यावर त्याच माणसाला 'नमस्कार' म्हणायची लाज वाटायला लागते.